उन्हाची सावड

“ऊन तीन दिवस तुमच्याकडे, तीन दिवस नदीपलीकडे,” दुकानदार म्हणाला. “उष्णता कमी करायला आकाशात बसवलेलं ते छत्र दर तीन दिवसांनीच सरकतं, कुणासाठी आधी सरकत नाही, काकू. सावलीचे तीन दिवस काढायचे तर तीन बॅटऱ्या घ्या.”

द्वारकाबाईंचे पैसे एक पॅनेल आणि दोन बॅटऱ्यांपुरतेच होते. नवऱ्याच्या इन्सुलिनचा छोटा फ्रिज मात्र एक दिवसही बंद पडून चालणार नव्हता. यादीतून त्यांनी पंखा खोडला, टीव्ही खोडला, तरी तिसरी बॅटरी काही बसेना.

मग त्यांनी नदीपलीकडच्या नणंदेला फोन लावला. तांब्याच्या घंगाळावरून सहा वर्षं दोघींत अबोला होता.

“वन्सं, भातलावणीला करतो तशी सावड करू. तुमच्या उन्हात माझी बॅटरी भरा, माझ्या उन्हात मी तुमची भरीन. रोज होडीनं अदलाबदल. दोघींचं दोन-दोन बॅटऱ्यांत भागेल.”



“भागेल की,” नणंद म्हणाली. “आणि घंगाळाचं काय, वहिनी?”

“परवा आमचं ऊन संपतंय. पहिली बॅटरी घंगाळात ठेवूनच पाठवते,” द्वारकाबाई म्हणाल्या. “खर्चात ते आधीच धरलंय.”