तीन हाका

ट्रॉयचं युद्ध जिंकून, वर्षानुवर्षं समुद्रावर भटकून राजा एकटाच घरी परतला, तेव्हा बेटावर मोठी मेजवानी झाली. आपण राक्षसांना कसं फसवलं, हे राजा रंगवून सांगत होता. सोबतचे खलाशी मात्र स्वतःच्या मूर्खपणानं मेले म्हणे.

"महाराज, मेलेल्यांना किनाऱ्यावरून तीन-तीन हाका मारल्यात ना?" दाराशी उभ्या म्हाताऱ्या क्लेइतोनं विचारलं. परमुलखात मेलेल्याला नाव घेऊन तशा हाका मारल्या नाहीत, तर त्याचा आत्मा घरी परतत नाही, हे बेटावर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"एकेकाला मारल्या."

"माझ्या दामोनलासुद्धा?"

राजाचे डोळे लगेच भरून आले. "दामोन! माझ्या मांडीवर डोकं ठेवून गेला गं, आई. शेवटपर्यंत तुझीच आठवण काढत होता. त्याला तर मी स्वतः हाका मारल्या."

लोक हुंदके देऊ लागले. म्हातारी तरातरा चालत राजासमोर आली.

"दामोन माझा बोकड आहे. आत्ता अंगणात बांधलाय. माझ्या मुलाचं नाव लायसिस होतं, मेल्या! तुझी वल्ही मारून त्याच्या हातांची सालपटं निघाली, आणि तुला त्याचं नावही माहीत नाही?"

राजा खूश होऊन हसला. "शाबास! माझ्याच तोडीची निघालीस."

तिनं त्याच्या हातातला चषक फटकन उडवला.

"भटका राजा म्हणून तुझी गाणी गातील हे लोक. पण तू पोचलास रे घरी. माझा पोरगा अजून भटकतोय."