सहाव्या खिडकीची सावली

"आजोबा, चित्रात सहा खिडक्या, या बंगल्याला पाचच," ठेकेदार म्हणाला. पाडकामाचं यंत्र घरघरत होतं. जुन्या चित्रातला ऐतिहासिक बंगला हाच, हे आत्ता सिद्ध झालं तरच तो वाचणार होता. "माझंच चुकलं असेल," मी पुटपुटलो. "हे लग्नाच्या दिवशीही म्हणाला होतात," बायको म्हणाली. "नीट बघा." मी चष्मा पुसला. चित्रात पाच खिडक्यांची सावली डावीकडे पडली होती, सहावीची उजवीकडे. ती मी चित्रकाराची चूक समजत होतो. पण सहावी खिडकी शोभेसाठी भिंतीवर रंगवलेली असली, तर तिची सावली उन्हाबरोबर फिरणार कशी? पाचव्या खिडकीशेजारची कोरी भिंत मी किल्लीने खरवडू लागलो. चुन्याखाली चुनाच निघाला. हात थांबला. बायकोने किल्ली घेतली, वीतभर खाली खरवडलं. निळी चौकट उमटली; तिच्या उजवीकडे रंगवलेली काळी सावली. घरघर थांबली.