कपाटावरचे बूट

बुटाची फक्त टोपी उरली होती. पुढची, लोखंडी. बाकीचं सगळं चामडं घरच्या कुत्रीनं, चंपानं, दाराशी बसून यथासांग चावून टाकलं होतं आणि दुसऱ्या बुटाची जीभ अजून तिच्या तोंडात होती.

प्रेमलाबाई शाळेतून आल्या त्या पर्स खांद्याला तशीच, उंबऱ्यातच मटकन बसल्या. "मेले गं मी! चंपे, अगं भवाने, अख्खं घर पडलं होतं ना तुला खायला? ह्यांचे बूटच दिसले?"

चंपानं शेपूट हलवलं. तिला वाटलं, कौतुकच चाललंय.

हे काही साधेसुधे बूट नव्हते. दशरथरावांना कंपनीनं दिलेला तो शेवटचा जोड. पिंपरीतल्या त्या कंपनीच्या गेटला कुलूप लागलं आणि तेव्हापासून दशरथराव घरात बसले ते बसलेच. लेक आम्रपाली सकाळी हिंजवडीच्या बसनं जाई, प्रेमलाबाई महापालिकेच्या शाळेत शिकवायला जात आणि हे चंपाला शेजारी घेऊन टीव्हीपुढे. रविवारी मात्र कपाटावरून बूट खाली येत. पॉलिश, ब्रश, मग फडकं. लखलखले की पुन्हा वर. पायात कधी नाही. "कंपनीचे आहेत, कंपनीतच घालायचे," म्हणत. कंपनीच्या जागी आता काचेच्या इमारती उठल्या होत्या, पण हे त्यांना सांगायचं कुणी!

चंपानं घरात कुणाला सोडलं नव्हतं. आम्रपालीचं ओळखपत्र पट्ट्यासकट गेलं. पहिल्या नोकरीचं पहिलं ओळखपत्र. त्यावरच्या फोटोसाठी पोरीनं खास पार्लर गाठलं होतं. प्रेमलाबाईंच्या लग्नातल्या पांढऱ्या साडीचा पदर गेला. त्या रडल्या, चंपाशी अबोला धरला, मग उरलेल्या साडीचे अभ्रे शिवले, आणि त्यातल्याच एका उशीवर ही महाराणी झोपायला लागली. दशरथरावांच्या वस्तूला मात्र तिनं कधी तोंड लावलं नाही. चप्पल नाकासमोर पडलेली असो, नाहीतर चष्मा खाटेवर.

"धाक असावा लागतो, धाक!" ते मिशीत हसत. "माझ्या बुटांना नुसती शिवू दे, त्याच दिवशी घराबाहेर!"

मग परवा आम्रपाली तिला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि जेवताना हसत हसत सांगत बसली. "डॉक्टर म्हणाले, ही मस्ती नाही. आपण बाहेर गेलो की तिला करमत नाही. मग ज्याची आठवण येते, त्याच्या वासाचं काहीतरी घेऊन चावत बसते. गाजरं द्या म्हणाले चघळायला."

दशरथरावांचा घास हातातच राहिला. "म्हणजे माझी तिला आठवणच येत नाही?"

"आठवण यायला माणूस आधी घराबाहेर जावा लागतो," आमटी वाढता वाढता प्रेमलाबाई म्हणाल्या.

बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. दशरथराव हात धुवायला उठले. पण आज सकाळी बघतात तर स्वारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "चांदभाईच्या दुकानात जातोय. तुम्ही व्हा पुढे, कुलूप मी लावतो."

चांदभाई त्यांचा कंपनीतला दोस्त. बुधवार पेठेत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान टाकल्यापासून बोलावत होता, "ये रे दशरथ, वाइंडिंगला तुझ्यासारखा हात नाही." आज एकदाचे निघाले! प्रेमलाबाई इतक्या खुशीत होत्या की दिवसभर वर्गात कुणावर ओरडल्यासुद्धा नाहीत.

आणि पहिल्याच दिवशी हे! आता उद्या कशाला जातायत ते? म्हणतील, एक दिवस घर सोडलं तर हे असं. पुन्हा टीव्हीपुढे बसतील, आणि आता तर पुसायला बूटही नाहीत.

आम्रपाली आली आणि तिनं कपाळावर हात मारला. "आई, कपाटावरून तू काढलेस?"

"मी? माझा हात तरी पोचतो का तिथं?"

"मग मी काढले असतील. मीच!" आम्रपाली फणकारली. दोघींनी चामड्याचे तुकडे घाईघाईनं पिशवीत भरले आणि चंपाला न्हाणीघरात कोंडलं. तेवढ्यात दार वाजलं.

दशरथरावांच्या शर्टावर वंगणाचा डाग होता आणि हातात मंडईतल्या गाजरांची जुडी. "चंपा कुठंय?"

"पप्पा, आधी ऐकून घ्या. तिला घालवू नका हं, प्लीज."

दशरथरावांचं लक्ष खुर्चीखाली गेलं. लोखंडी टोपी तिथं राहून गेली होती. त्यांनी ती उचलली, उलटीपालटी करून पाहिली. प्रेमलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"खाल्ला?"

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही, अहो."

"शाब्बास गं माझी वाघीण!"

त्यांनी न्हाणीघराचं दार उघडलं. चंपा अंगावरच झेपावली आणि दोघं फरशीवर बसले. दशरथराव हसत होते, डोळे पुसत होते, तिला गाजर भरवत होते. ह्या दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"उद्या जायचंय ना दुकानात?" प्रेमलाबाईंनी भीत भीत विचारलं.

"म्हणजे काय! मोटार अर्धी उघडून ठेवून आलोय. डबा दे सकाळी."

प्रेमलाबाईंचा जीव भांड्यात पडला. बूट गेले तर गेले! त्यांना इतकं हसू आलं की त्याही फतकल मारून खाली बसल्या आणि त्यांनी चंपाचा मुका घेतला. मग आठवलं. "पण अहो, ते बूट कपाटावरून खाली आले कसे?"

दशरथराव चंपाचे कान कुरवाळत राहिले. मान काही वर केली नाही.

"सकाळी कुलूप लावायच्या आधी मीच ठेवले तिच्यापुढे. म्हटलं, आपलीही कुणाला आठवण येते का, बघू तरी."