दोन कपांचा खिळा

नायब तहसीलदारांनी कोरा कागद गुरुपादप्पाच्या गल्ल्यावर ठेवला आणि त्यावर पेन आडवं टाकलं.

"समोरच्या हॉटेलाला परवाना नाही, एवढंच लिहा. खाली सही करा. शेजारी म्हणून तुमची साक्ष पुरते. संध्याकाळच्या आत पत्रे उतरवून नेतो."

समोर म्हणजे रस्त्यापलीकडे, वीस पावलांवर. चार बल्ल्या, वर दोन पत्रे, खाली एक चूल. चुलीपुढे श्रीमंत उभा होता. इकडचं बोलणं त्याला ऐकू येत होतं. त्याच्या बाकड्यांवर दुष्काळी कामावरचे पंधरा-वीस मजूर बसले होते. गुरुपादप्पाची बाकडी रिकामी होती.

तीन आठवड्यांपूर्वी हेच साहेब याच गल्ल्यापुढे उभे होते. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. नव्या कचेरीतून फाट्याफाट्यावर तपासणी लागली होती. साहेबांना हॉटेलच्या दाराबाहेर भिंतीत ठोकलेला खिळा दिसला. त्याला दोन कप टांगलेले होते. बौद्ध वस्तीतल्या माणसानं खिळ्यावरून कप घ्यायचा, वरून ओतलेला चहा उभ्यानं प्यायचा, कप विसळायचा आणि परत टांगायचा. गुरुपादप्पाच्या वडिलांपासून हे असंच चालत आलं होतं. कायद्यानं तो गुन्हा होता. साहेबांनी साक्षीदार विचारला. कोणी पुढे येईना. शेवटी श्रीमंत आला. आठ वर्षं तो त्याच कपातून चहा पीत होता. त्यानं सही केली. एक कप पुरावा म्हणून पोलिसांनी नेला. गुरुपादप्पाला तालुक्याच्या कोर्टाची तारीख लागली.

गुरुपादप्पानं त्या दिवशी आरडाओरडा केला नाही. त्यानं मुद्दा मांडला.

"हॉटेल माझं, चहा माझा, कप माझे. साखर किती उचलायची ते सरकार सांगणार. भाव काय लावायचा ते सरकार सांगणार. आता कुणाला कशात पाजायचं तेबी? मी कुणाला ओढून आणतो का? ज्याला पटत न्हाई त्यानं समोर हॉटेल टाकावं. मी अडवणार न्हाई. अडवणारे तुमीच."

श्रीमंतनं ते ऐकलं. आठव्या दिवशी त्यानं बल्ल्या रोवल्या. खिळ्यावर उरलेला कप तो सोबत घेऊन गेला. साखर मिळेना म्हणून चहा गुळाचा, पाणी कामावरच्या टँकरचं. परवान्याचा अर्जही त्यानं दिला होता. पण तो कोणत्या टेबलावर जायचा, हे नव्या कचेरीत अजून ठरलं नव्हतं.

आता सगळा फाटा गल्ल्याकडे तोंड करून होता. गुरुपादप्पाचा मुद्दा सगळ्यांना पाठ होता. त्याचं गिऱ्हाईक कुठं बसलंय हेही दिसत होतं. आप्पा काय करतो, एवढंच बघायचं राहिलं होतं.

"साहेब," पलीकडून धोंडाबाई ओरडली. ती खडी फोडायला होती. "पत्रे न्या, पर उकळी आलीया तेवढा चहा पिऊ द्या!"

मजूर हसले. साहेब हसले नाहीत.

"लिहा आप्पा. त्यानं तुमच्याविरुद्ध सही केलीच होती."

गुरुपादप्पानं पेन उचललं. त्याचं टोपण लावलं. ते साहेबांपुढे धरलं.

"ते हॉटेल माझं हाय."

"कोणतं?"

"समोरचं. माझीच शाखा. माझ्या लायसनवर चाललंय. श्रीमंत माझा माणूस हाय."

पलीकडे श्रीमंतच्या हातातली गाळणी थांबली.

साहेबांनी भिंतीवरच्या चौकटीतला परवाना पाहिला, मग गुरुपादप्पाला पाहिलं. स्वतःचं दुकान वाचवायला खोटं बोलणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते.

"आप्पा, त्यानं तुम्हाला कोर्टात ओढलंय."

"कोर्टात मी भांडणार. त्याच्याशीबी भांडणार. पर चूल पेटवायला माणसानं तुमचा कागद मागावा, ह्याच्यावर माझी सही मिळायची न्हाई."

साहेबांनी वही मिटली. थोडा विचार केला.

"ठीक आहे. शाखा तुमची, तर मालकानं तिथला चहा प्यावा. मी बघतो आणि जातो."

आता मजूरही हसायचे थांबले. गुरुपादप्पाच्या घरात आजवर कोणी बौद्ध वस्तीतल्या माणसाच्या हातचं पाणीही घेतलेलं नव्हतं. आतून त्याची बायको जगदेवी दारापर्यंत आली. "अवो," एवढंच म्हणाली.

गुरुपादप्पा रस्ता ओलांडून गेला.

"मी तुमचा माणूस न्हाई, आप्पा," श्रीमंत हळू आवाजात म्हणाला.

"ठावं हाय. गाळ चहा. साहेब बघायलाय."

बाकीचे कप मजुरांच्या हातात होते. एकच उरला होता, काठाचा टवका उडालेला. गुरुपादप्पानं तो ओळखला. श्रीमंतनं चहा गाळला आणि कप त्याच्या हातात दिला. गुरुपादप्पा उभ्यानं प्यायला.

"गूळ जास्ती झालाय."

"शाखा हाय न्हवं, आप्पा," धोंडाबाई म्हणाली. "मालकानं लक्ष द्यायला पायजे."

फाटा हसला. साहेबांची जीप धुळीत निघून गेली. समोर जगदेवी अजून दारातच उभी होती.

गुरुपादप्पानं शेवटचा घोट घेतला. मग तो बादलीपाशी वाकला आणि कप विसळला. त्या कपाची रीत त्याला लहानपणापासून पाठ होती. ओला कप घेऊन तो बल्लीजवळ गेला आणि वर हात करून काहीतरी चाचपू लागला.

श्रीमंतनं थोडा वेळ पाहिलं.

"हितं खिळा न्हाई, आप्पा. ठेवा तिकडं बादलीपाशी, सगळ्यांच्या कपांत."