रेजिनाचा वेढा

माझा नवरा परीक्षित इथे कॅनडात, रेजिना शहरातल्या युनिव्हर्सिटीत नेपोलियनच्या काळातली युद्धं शिकवतो. २०१७ च्या मार्चमध्ये, एका शुक्रवारी, त्यानं घरातच वेढा घातला.

आमच्या ईराला हॅलिफॅक्सच्या आर्ट कॉलेजात ॲडमिशन मिळाली होती. ती अजून अठराची नव्हती, म्हणून फॉर्मवर आई-वडील दोघांच्या सह्या हव्या होत्या. मी लगेच केली. परीक्षित म्हणाला, "इतक्या लांब? मुळीच नाही."

"देन आय ॲम नॉट कमिंग अप!" म्हणत ईरा बेसमेंटमधल्या तिच्या खोलीत गेली आणि दार लावून बसली.

"कुणी खाली जेवण न्यायचं नाही," त्यानं मला आणि सासूबाईंना बजावलं. "अठराशे साली जेनोआ तोफांनी पडलं नाही. रसद तुटली, तेव्हा शरण आलं. भूक लागली की येईल वर."

शनिवारी सकाळी मी धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत पोह्यांची बशी लपवून खाली गेले. ईराच्या दाराबाहेर सासूबाईंची शिऱ्याची वाटी होती, चाटूनपुसून रिकामी. तिच्या शेजारी आणखी एक बशी होती. तिच्यात संत्र्याच्या फोडी, प्रत्येकीवरचे पांढरे दोरे काढलेले. ईराला लहानपणापासून तशाच लागतात, आणि एवढा पेशन्स आमच्या घरात एकाच माणसाकडे आहे.



बशीखाली फॉर्म होता. त्यावर परीक्षितची सही होती, आणि तारीख शुक्रवारची.