फडक्याखालची माती

"तू फक्त खुर्ची भरायला ये," असं स्वरदाने फोनवर सांगितलं, तेव्हा आरिफ हसला आणि लगेच हो म्हणाला.

विद्यापीठातली ही रीत सगळ्यांना ठाऊक होती, पण बोलायचं कुणी नाही. एका जागेसाठी निदान तीन उमेदवार हजर हवेत, नाहीतर मुलाखतच रद्द. मग जागा ज्याची ठरलेली, त्यानेच उरलेल्या दोन खुर्च्यांची सोय लावायची. या वेळची जागा होती जिओटेक्निकलच्या प्राध्यापकाची; माती ओळखून तिच्यावर पाया कसा घालायचा, ते शिकवण्याची. तासिका तत्त्वावर राबून बारामतीच्या विभागातली माती-प्रयोगशाळा स्वरदानेच उभी केली होती. जागा तुझीच, असं विभागप्रमुख हिंदुराव सरांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. एक खुर्ची तिने फलटणच्या ओळखीच्या मुलीला दिली, दुसरी इंदापूरच्या आरिफला. आरिफ तिचा कॉलेजातला सोबती. हुशारीत तिच्यापेक्षा काकणभर सरसच, हे तिलाही माहीत होतं.

"बाहेरून येणारे तज्ज्ञ तेवढे कुणाचं ऐकत न्हाईत," सर म्हणाले. "नमुना पाठ चोख झाला, की मग बघायचं कारण न्हाय."

नमुना पाठासाठी तिने बावडा गावची काळी माती निवडली. काचेच्या दोन नळ्यांत कोरडी माती सारखीच घालायची, एकीत पाणी ओतायचं, दुसरीत रॉकेल. रात्रभर राहू द्यायचं. सकाळी पाण्यातली माती फुगून जवळजवळ दुप्पट झालेली असते, रॉकेलातली ढिम्म हललेली नसते. त्या भागातल्या भिंतींना तडे का जातात, हे सांगायला मग तोंड उघडावं लागत नाही. स्वरदा नळ्यांवर फडकं टाकायची आणि नेमक्या क्षणी ते ओढायची. पोरं टाळ्या वाजवत. तिला थोडी नाटकाची हौस होतीच.

अडचण रॉकेलची. रेशनवरचं कधीच बंद झालेलं. शेवटी तिच्या नवऱ्याने, विराजने, दस्तगीरच्या गॅरेजमधून एक छोटी बाटली आणली. "एवढंच मिळालं बघ," म्हणाला. एका नळीपुरतं तेवढं पुष्कळ होतं.

विराजचा तिला मोठा आधार. आठवडाभर काटेवाडीतल्या घरी स्वयंपाकघरात तो विद्यार्थी होऊन पाटावर बसायचा आणि ती डाळीच्या बरण्या मांडून पाठ घ्यायची. त्याला सगळं तोंडपाठ झालं होतं. त्याच्या कंपनीने त्याला बढती देऊन चाकणला बोलावलं होतं. "तुझं काम झालं, तर चाकणला न्हाय म्हणून सांगतो. हितंच राहू," असं तो इतक्या सहज म्हणाला, की तिला भरून आलं.

आदल्या संध्याकाळी आरिफ मुक्कामाला म्हणून बारामतीत आला आणि आधी प्रयोगशाळेत डोकावला. तिला न्यायला विराजही आला होता. स्वरदाने नळ्या भरल्या, रॉकेलची बाटली थेंबापर्यंत उपडी केली, चिठ्ठ्या चिकटवल्या, वर फडकं टाकलं. तेवढ्यात सरांनी केबिनमध्ये बोलावलं. ती परतली तेव्हा विराज खाली गाडीपाशी जाऊन उभा होता. आरिफ एकटाच बेसिनवर हात धूत होता.

"उरलेली माती जरा चोळून बघितली," तो म्हणाला. "हात घातल्याबिगर राहवत न्हाय."

तिने हसून कुलूप लावलं.

मुलाखतीच्या दिवशी शिपायाने ट्रे झाकलेलाच दालनात आणून ठेवला. स्वरदा बोलू लागली. सूर लागला होता. सर मान डोलवत होते. तिने फडकं ओढलं.

दोन्ही नळ्यांत माती तळाशी सारखीच बसली होती. कणभरही फुगलेली नव्हती.

तज्ज्ञ उठले, पाण्याची चिठ्ठी असलेल्या नळीवर वाकले आणि त्यांनी वास घेतला. "मॅडम, दोन्हीत रॉकेल आहे," ते शांतपणे म्हणाले. "ही चूक आमच्याकडे दुसऱ्या वर्षाची मुलं करतात."

पुढचं तिला नीट आठवत नाही. सरांनी मान खाली घातली होती, एवढंच दिसलं.

संध्याकाळी निवड झालेल्याचं नाव बाहेर आलं. आरिफचं.

जिन्यात तो तिच्यामागे धावत आला. "स्वरदा, तुझ्या गळ्याची शपथ, मी हात लावला न्हाय नळ्यांना. मातीत हात घातला तेवढाच. मधी घरचा फोन आला, मी बाहेरच बोलत होतो किती येळ. मी ही जागा घेत न्हाय, तू म्हणशील तर."

"खुर्ची भरायला बोलावलं होतं तुला," ती म्हणाली. "भरलीस. आता परत तोंड दाखवू नकोस."

त्याचे डोळे भरले. तेही तिला नाटकच वाटलं. रॉकेल सहज मिळत नाही म्हणे; इंदापुरात काय मिळत नाही? एका ताटात जेवलेल्या माणसाने असा गळा कापावा, याचं तिला आतून रडू येत होतं.

घरी विराजने काही विचारलं नाही. पिशवी हातातून घेतली, पाणी दिलं. तिने सगळं सांगितलं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "चाकणच्या बाजूला मोप कॉलेजं हायत. आपण जाऊ तिकडं."

तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पोटभर रडून घेतलं. जगात आपलं म्हणावं असं हे एकच माणूस उरलंय, असं तिला वाटलं.

मागच्या दारी तिची सासू विमल न्हाणीची चूल फुंकत बसली होती. धुराने डोळे चोळत ती आत आली.

"स्वरदा, तुला कमी पडलं म्हणून विराजनं काल रॉकेलची दुसरी बाटलीबी नेली की," ती म्हणाली. "त्यातलं उरलं आसंल तर दे गं, माझी चूल पेटंना."