गेटवरचा बॅनर

रोडपालीतल्या सोसायटीच्या गेटवरचा बॅनर हेतलनेच लिहिला होता. घरातल्या पांढऱ्या चादरीवर लाल रंगाने: 'आधी नळाला पाणी द्या, मग पाणीपट्टी मागा.' येणारा-जाणारा थांबून वाचायचा. पण कुणाचा फ्लॅट बघायला गिऱ्हाईक येणार असलं, की तासाभरासाठी तो उतरवायचा, हे सोसायटीत न बोलताच ठरून गेलं होतं. तसा तो उतरवणाऱ्यांना हेतल आजवर नावं ठेवत आली होती.

आज गिऱ्हाईक तिच्याकडेच येणार होतं. तिने स्वतः गाठी सोडल्या, परत लावायचा म्हणून सुतळ्या गजांनाच राहू दिल्या आणि चादर स्कूटरच्या डिकीत कोंबली.

ओवे गावाकडून आलेल्या काशीराम भगतांनी फ्लॅट निवांत पाहिला. नळ सोडला. सकाळीच टँकर मागवलेला, त्यामुळे धार चांगली जोरात लागली. घर त्यांना आवडलं, तसा हेतलचा जीव भांड्यात पडला. निरोप द्यायला ती गेटपर्यंत गेली, तर काशीराम गजांना लोंबणाऱ्या सुतळ्यांकडे बघत थांबले.

"पान्याचा होता?"

हेतलला खोटं बोलवेना. "तुम्ही गेलात की परत लावणार होते," ती म्हणाली.

काशीरामांनी एक सुतळी बोटाला गुंडाळली आणि सोडून दिली.

"आमच्या गेटवरचा मी सकालीच उतरवून आलोय. दुपारी आमचा फ्लॅट बघायला मानसं येनार हायत."